वाचकांचे प्रश्न : ‘इलमॅटिक’ हा पहिला अल्बम आणि त्याचे स्वागत

मागील अंकात या सदरात न्यूयॉर्कचा रॅपर (तालावर यमकबद्ध शब्द म्हणणारा कलाकार) नाझ याच्या ‘इलमॅटिक’ या पहिल्या अल्बमची ओळख करून दिली होती. १९ एप्रिल १९९४ रोजी कोलंबिया कंपनीने प्रसिद्ध केलेला हा अल्बम एक प्रास्ताविक तुकडा आणि नऊ गाणी मिळून जेमतेम चाळीस मिनिटांचा आहे. तो प्रसिद्ध झाला तेव्हा नाझ वीस वर्षांचा होता, आणि आज हिप हॉप या रॅपच्या संगीतप्रकारातील श्रेष्ठ अल्बमांची यादी केली की हे नाव सहसा वगळले जात नाही, असे त्या लेखात सांगितले होते. त्यावर दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या वाचकांची पत्रे आली. त्यांतील काही प्रश्न आणि माझी उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : मी ग्रंथपाल आहे. आपला लेख वाचल्यावर महाविद्यालयातील काही मुलांनी मला हा अल्बम ऐकवला. इंग्रजी समजत असूनही निम्म्याहून अधिक शब्द निसटून गेले. मुले म्हणाली की, प्रसिद्ध झाला तेव्हा तो फारसा खपला नव्हता. जो अल्बम लोकांनी विकत घेतला नाही, त्याला श्रेष्ठ कोणी ठरवले आणि कशाच्या आधारावर?
— एक वाचक, दापोली

उत्तर : प्रथम खपाविषयी लिहितो, कारण मुलांनी सांगितलेले अर्धेच खरे आहे. पहिल्या आठवड्यात ‘इलमॅटिक’च्या साठ हजारांच्या आसपास प्रती गेल्या आणि अमेरिकेतील बिलबोर्ड या मासिकाच्या खपाच्या यादीत तो बाराव्या क्रमांकावर आला. नवख्या मुलाच्या मानाने हे वाईट नव्हते. परंतु त्याच्याच आधी पाच महिन्यांपूर्वी कॅलिफोर्नियाच्या स्नूप डॉगच्या पहिल्या अल्बमच्या पहिल्या आठवड्यात आठ लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या होत्या आणि तो थेट पहिल्या क्रमांकावर पोहोचला होता. त्या आकड्यापुढे नाझचा आकडा लहान दिसला आणि कंपनीचीही निराशा झाली असणार. शिवाय अधिकृतपणे प्रसिद्ध होण्याआधीच या अल्बमच्या चोरट्या प्रती न्यूयॉर्कमध्ये हातोहात फिरू लागल्या होत्या, म्हणजे ज्यांना तो सर्वांत आधी हवा होता त्यांतील कित्येकांनी तो दुकानातून घेतलाच नाही. पुढे १९९६च्या जानेवारीत त्याला पाच लाख प्रतींचे सुवर्ण प्रमाणपत्र मिळाले आणि २००१च्या डिसेंबरात दहा लाखांचे प्लॅटिनम. तेव्हा लोकांनी तो घेतला नाही असे म्हणता येणार नाही; लोकांनी तो सावकाश घेतला, आणि घेणे थांबवले नाही.

श्रेष्ठ कोणी ठरवले, या प्रश्नाचे पहिले उत्तर म्हणजे ‘द सोर्स’ हे मासिक. त्या काळी हिप हॉपच्या श्रोत्यांमध्ये या मासिकाच्या परीक्षणाला मोठे वजन होते. अल्बमला ते पाचपैकी किती ‘माइक’ देते याकडे गायक, कंपन्या आणि श्रोते असे सगळेच डोळे लावून बसत, आणि पाच माइक हा मान क्वचितच कोणाला मिळत असे. मिन्या ओह या तरुण समीक्षिकेने लिहिलेल्या परीक्षणात ‘इलमॅटिक’ला पूर्ण पाच माइक देण्यात आले. एखाद्या नवख्याच्या पहिल्याच अल्बमला असा मान मिळाल्यामुळे पुष्कळ चर्चा झाली. मात्र माझ्या मते त्या परीक्षणाने अल्बमकडे फक्त लक्ष वेधले. एखादे परीक्षण वर्षभर टिकते, फार तर दोन वर्षे. त्यानंतर अल्बमलाच स्वतःच्या बळावर उभे राहावे लागते.

तो उभा राहिला याची कारणे ऐकताना हळूहळू कळतात. पहिले कारण शब्दांचे आहे. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात राकिम या रॅपरने ओळीच्या शेवटी एक यमक ठेवण्याची जुनी पद्धत मोडून ओळीच्या पोटातही यमके गुंफण्यास सुरुवात केली होती. नाझने ती रीत पुढे नेली. त्याच्या ओळी श्वास जेथे संपतो तेथे संपत नाहीत, तर वाक्य जेथे पूर्ण होते तेथे संपतात, आणि त्यामुळे ऐकताना कोणी तरी घाईघाईने, पण स्पष्टपणे, आपल्याला काही सांगत आहे असे वाटत राहते. आपल्याला अर्धे शब्द कळले नाहीत यात वावगे काही नाही. त्या वस्तीबाहेरच्या अमेरिकी श्रोत्यांनाही त्यांतील अनेक संदर्भ तेव्हा कळले नव्हते.

दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. नाझ ज्या क्वीन्सब्रिज वसाहतीत वाढला ती न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील सरकारी गृहवसाहत १९३९मध्ये उभी राहिली; सहा मजली ९६ इमारती आणि तीन हजारांहून अधिक घरे असलेली ही अमेरिकेतील सर्वांत मोठी सार्वजनिक गृहवसाहत आहे. नाझने आठवीनंतर शाळा सोडली. त्याचा जवळचा मित्र १९९२मध्ये याच वसाहतीत गोळीबारात मारला गेला आणि नाझचा धाकटा भाऊ त्याच प्रसंगी जखमी झाला. अल्बमभर हीच जागा आहे: जिने, बाके, कोपरे, पोलिसांची गाडी, तुरुंगात गेलेले मित्र. एका गाण्याची रचना तर तुरुंगातल्या मित्राला लिहिलेल्या पत्राची आहे. तुझ्यामागे घरी काय चालले आहे, कोण भेटले, कोण फिरकले नाही, असे तो त्यात कळवतो. त्याच गाण्याच्या शेवटच्या कडव्यात बाकावर भेटलेला बारा वर्षांचा एक मुलगा बोलू लागतो. तो या वयात धंद्यात पडला आहे. नाझ त्याला दोन शब्द सांगतो आणि निघतो. उपदेशाचा पाल्हाळ नाही, कीव नाही, आणि स्वतःला थोर ठरवणेही नाही. मुंबईहून गावी आलेली पत्रे ज्यांनी वाचून दाखवली आहेत अशा कोकणातील वाचकांना या रचनेतील जीव लगेच कळेल.

तिसरे कारण संगीताचे. तोवर एका अल्बमला सहसा एकच संगीत-निर्माता असे. येथे डीजे प्रीमियर, लार्ज प्रोफेसर, पीट रॉक, क्यू-टिप आणि एल.ई.एस. अशा पाच जणांनी गाणी बांधली, आणि तरीही अल्बम एकसंध वाटतो, कारण त्या सर्वांनी जुन्या जॅझ आणि सोल ध्वनिमुद्रिकांतून एकाच जातीचा उदास, सायंकाळचा नाद उचलला आहे. अहमद जमाल यांच्या पियानोचा एक छोटा तुकडा पीट रॉकने ज्या तऱ्हेने फिरवत ठेवला आहे, तेवढ्यासाठीदेखील मी हा अल्बम कोणालाही ऐकवीन. नाझचे वडील ओलू दारा हे स्वतः जॅझ वादक. एका गाण्याच्या अखेरीस त्यांचा कॉर्नेट (तुतारीच्या जातीचे वाद्य) ऐकू येतो. मुखपृष्ठावर वस्तीच्या छायाचित्रावर जो सात वर्षांच्या नाझचा चेहरा दिसतो, तो फोटोही वडिलांनीच काढलेला आहे.

एक उणेही सांगितले पाहिजे. या अल्बममध्ये वस्तीतील मुले आणि पुरुष जेवढे जिवंत आहेत तेवढ्या स्त्रिया नाहीत. त्या काठावर राहतात. टपाल खात्यात नोकरी करून ज्या आईने मुलांना वाढवले, तिच्याविषयी येथे आणखी ऐकायला मिळायला हवे होते असे मला प्रत्येक वेळी वाटते.

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे आणि तिला हा अल्बम ऐकायचा आहे. त्यात शिव्या आहेत असे कळले. ऐकू द्यावा का?
— एक पालक, देवगड

उत्तर : शिव्या आहेत, बंदुका आहेत, अमली पदार्थांची विक्री आहे. तिने एकटीने मोबाइलवर ऐकण्यापेक्षा आपण दोघांनी शेजारी बसून ऐकावे, आणि वर उल्लेखिलेल्या पत्राच्या गाण्यापासून सुरुवात करावी. त्यातील बारा वर्षांच्या मुलाविषयी ती आपल्याला प्रश्न विचारील, तेव्हा उत्तर टाळू नका.

प्रश्न : आमच्या घरात दोन पिढ्या जाखडी (कोकणातील नाच-गाण्याचा लोकप्रकार) आहे, वडील तुरेवाले शाहीर होते. रॅपमध्ये ‘मी मोठा, तू लहान’ एवढेच असते असे ऐकून होतो. आपला लेख वाचून मुलाने मला दोन गाणी ऐकवली, तेव्हा बारीतील सवालजवाबाचीच आठवण झाली. हे साम्य खरे की माझ्या मनाचे? आणि शाहिरीला जो मान नाही तो या प्रकाराला परदेशात कसा मिळाला?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : साम्य खरे आहे, पण ते कोठपर्यंत खरे हे पाहिले पाहिजे. शक्ती आणि तुरा या दोन पक्षांच्या बारीत दोन शाहीर समोरासमोर येतात, गण-गवळण झाल्यावर प्रश्नांची फेक सुरू होते, समोरच्याच्या ज्ञानाची आणि हजरजबाबीपणाची परीक्षा होते आणि श्रोते तेथल्या तेथे कौल देतात. हिप हॉपचा जन्म ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात डीजे कूल हर्क याने एका इमारतीच्या सभागृहात वाजवलेल्या पार्टीपासून मानतात, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत तेथेही रस्त्यावर, बागेत आणि क्लबमध्ये रॅपरांचे असे सामने होऊ लागले. नाव आणि घराणे सांगणे दोन्हीकडे आहे: आपल्याकडे शाहीर शेवटच्या कडव्यात गुरूचे आणि स्वतःचे नाव गुंफतो, तिकडे रॅपर आपली वस्ती आणि आपले साथीदार यांची नावे घेतो. ‘मी मोठा’ ही भाषा दोन्ही ठिकाणी सामन्याचा नियम आहे; तिला निव्वळ गर्व समजणे चूक ठरेल.

फरक असा की, बारी ही त्या रात्रीपुरती असते आणि अल्बम हा त्या रात्रीनंतर ज्यांनी काहीच पाहिले नाही अशांसाठी असतो. नाझ सामन्याच्या परंपरेतूनच आला. १९९१मध्ये मेन सोर्स या गटाच्या एका गाण्यात त्याला एक कडवे मिळाले; सतरा-अठरा वर्षांच्या त्या मुलाने ते असे म्हटले की न्यूयॉर्कमधील जाणकार त्याच्याविषयी विचारू लागले. ते कडवे संपूर्णपणे सामन्याच्या भाषेतले आहे, समोरच्याला चीत करण्यासाठी लिहिलेले, आणि त्यात धक्का देण्याचा सोसही पुष्कळ आहे. तीन वर्षांनी अल्बममध्ये तोच मुलगा थांबून आजूबाजूला पाहताना दिसतो. सामना जिंकणाऱ्या शब्दप्रभूकडून वस्तीचा साक्षीदार होण्यापर्यंतचा हा प्रवास तीन वर्षांत झाला, आणि समीक्षकांना जे भावले ते हेच, असे मला वाटते. आपल्या वडिलांच्या रचनांमध्ये सवालांखेरीज गावाविषयी, दुष्काळाविषयी, मुंबईच्या गिरणीविषयी काही असेल तर ते आधी शोधून काढा. सवाल त्या रात्रीचे होते. या रचना आजही ऐकण्यासारख्या असतील.

मानाविषयी आपण विचारले आहे. तो मान तिकडेही आपोआप मिळालेला नाही. १९९४मध्ये मोठी वृत्तपत्रे आणि पुरस्कार समित्या या संगीताकडे संशयाने पाहत होत्या. ‘इलमॅटिक’ला ग्रॅमी मिळाले नाही, नाझला पहिले ग्रॅमी मिळाले ते २०२१मध्ये, दुसऱ्याच अल्बमसाठी. मान मिळाला तो हिप हॉपच्याच लोकांनी स्वतःची मासिके काढली, स्वतःची परीक्षणे लिहिली, ध्वनिमुद्रणे जपली आणि पुढच्या पिढीला ऐकवली म्हणून. मग विद्यापीठे आली: हार्वर्डमध्ये २०१३मध्ये नाझच्या नावाने हिप हॉपच्या अभ्यासासाठी शिष्यवृत्ती सुरू झाली. २०१४मध्ये वॉशिंग्टनच्या केनेडी सेंटरमध्ये त्याने राष्ट्रीय सिंफनी वाद्यवृंदाबरोबर हा अल्बम सादर केला, आणि २०२१मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने तो जतन करण्यायोग्य ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय नोंदवहीत घेतला. आपल्याकडे जाखडीच्या बाऱ्या मुंबईच्या नाट्यगृहांत भरगच्च गर्दीत होतात, पण दुसऱ्या दिवशी त्यांचे गंभीर परीक्षण कोठे छापून येते? शाहिराची बांधणी, यमक, चाल आणि कल्पना यांवर कोणी सहाशे शब्द लिहितो का? हे काम कोणी तरी सुरू केले पाहिजे आणि ते आपल्यासारख्या घरातील माणसाने केले तर ते अधिक नेमके होईल.

प्रश्न : पहिलाच अल्बम इतका गाजल्यावर पुढच्यांचे काय झाले? तो पुन्हा तेवढा चांगला अल्बम करू शकला का?
— एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : दुसरा अल्बम जुलै १९९६मध्ये आला, थेट पहिल्या क्रमांकावर पोहोचला आणि पहिल्यापेक्षा कितीतरी अधिक खपला. त्याच वेळी, ज्यांनी पहिल्याला डोक्यावर घेतले होते त्या अनेक समीक्षकांनी आणि जुन्या श्रोत्यांनी नाक मुरडले: संगीत अधिक चकचकीत झाले, गाण्यांत वस्तीतल्या मुलाऐवजी टोळीचा नायक दिसू लागला, असे त्यांचे म्हणणे होते. पहिल्याचे कौतुक भरपूर आणि खप सावकाश, दुसऱ्याचा खप प्रचंड आणि कौतुक हात राखून, असा हा उलटा व्यवहार झाला. त्यानंतर त्याच्या प्रत्येक अल्बमला, तो कितीही वेगळा असला तरी, त्या पहिल्या चाळीस मिनिटांशी ताडून पाहिले गेले. हे मला अन्यायाचे वाटते. विसाव्या वर्षी माणसाजवळ पहिल्या वीस वर्षांची साठवण असते आणि ती एकदाच खर्च करता येते. दुसऱ्या अल्बमसाठी दोनच वर्षे मिळतात आणि त्यांतील बराच काळ हॉटेलांत आणि विमानांत जातो. पुढे त्याने काही उत्तम गाणी केली आणि काही सामान्य केली, पण पहिला अल्बम पुन्हा लिहिण्याचा हट्ट त्याने धरला नाही. त्याबद्दल मला त्याच्याविषयी आदर आहे.

पहिल्या अल्बमच्या यशाचा एक परिणाम मात्र मला आवडत नाही. पाच निर्मात्यांकडून गाणी करून घेण्याची पद्धत त्यानंतर रूढ झाली आणि पुढे दहा-बारा नामांकित निर्मात्यांकडून एकेक गाणे विकत घेऊन अल्बम जुळवला जाऊ लागला. ‘इलमॅटिक’मध्ये ती पाच माणसे एकाच शहरात काम करणारी आणि एका रुचीची होती, ही अट नंतरच्यांनी विसरली.

प्रश्न : आमच्याकडे ऐंशीच्या दशकातील जाखडीची एक छापील आवरणाची कॅसेट आहे. त्यातील ढोलकीचा चार-पाच सेकंदांचा तुकडा घेऊन त्यावर रॅप करावा असे माझ्या भावाच्या मनात आहे. आपण लेखात लिहिले होते की ‘इलमॅटिक’चे संगीत जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या तुकड्यांतून झाले आहे. मग आम्हीही तसे करू शकतो का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : संगीताच्या दृष्टीने कल्पना उत्तम आहे, कायद्याच्या दृष्टीने परवानगी घ्यावी लागेल. अमेरिकेत १९८०च्या दशकात असे तुकडे बहुधा न विचारता घेतले जात. त्या काळी स्टुडिओंमध्ये लोकप्रिय झालेल्या एसपी-१२०० या यंत्रात एकूण दहाच सेकंदांचा नाद साठवता येत असे, त्यामुळे निर्माते छोटा आणि नेमका तुकडा शोधण्यात तरबेज झाले होते. १९९१च्या डिसेंबरात बिझ मार्की या रॅपरविरुद्धच्या खटल्यात न्यूयॉर्कच्या न्यायालयाने विनापरवाना तुकडा वापरणे चुकीचे ठरवले आणि तेव्हापासून कंपन्या प्रत्येक तुकड्यासाठी परवानगी घेऊन पैसे मोजू लागल्या. ‘इलमॅटिक’ या निकालानंतरचा अल्बम आहे.

आपल्याकडे १९५७चा कॉपीराइट कायदा लागू होतो. ध्वनिमुद्रणावरील हक्क ते प्रसिद्ध झाल्याच्या पुढील वर्षापासून साठ वर्षे राहतो, म्हणजे ऐंशीच्या दशकातील कॅसेटवर तो अजून आहे आणि तो कॅसेट काढणाऱ्याकडे, किंवा ज्याने नंतर तिचे हक्क घेतले त्याच्याकडे असेल. शाहिराने स्वतः रचलेल्या शब्दांवर त्याचा हक्क हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षे असतो, आणि वाजवणाऱ्या कलाकारालाही स्वतंत्र हक्क आहे. जाखडी हा प्रकार परंपरेचा आहे म्हणून ते विशिष्ट ध्वनिमुद्रणही सर्वांचे झाले, असा समज ठेवू नये. आवरणावरील कंपनीला पत्र लिहा. ती बंद झाली असेल तर हक्क कोणाकडे गेले याची चौकशी करा. माझा खरा सल्ला वेगळा आहे. ज्या ढोलकीवाल्याचा हात आपल्या भावाला आवडला, तो किंवा त्याचा शिष्य आजही वाजवत असेल; त्याला बोलावा, मानधन द्या, तोच ठेका नव्याने ध्वनिमुद्रित करा आणि अल्बमवर त्याचे नाव ठळक छापा. न विचारता उचललेल्या तुकड्यांमुळे कितीतरी वृद्ध वादकांना आपल्याच वादनाचे पैसे मिळाले नाहीत. ती चूक आपण येथे पुन्हा करू नये.

प्रश्न : मी तेवीस वर्षांचा आहे, मासेमारी करणाऱ्या घरातला आहे, आणि मालवणीत रॅप लिहितो. माझ्याजवळ बावीस गाणी तयार आहेत. पहिला अल्बम काढायचा आहे. मित्र म्हणतात की हिंदीत कर, नाहीतर सिंधुदुर्गाबाहेर कोणी ऐकणार नाही. एखाद्या नामवंताला सोबत घे. आणि सगळी गाणी टाक म्हणजे एखादे तरी चालेल. मालवणीत गायलो की लोक आधीच हसायला लागतात, हीही अडचण आहे. काय करावे?
— एक वाचक, मालवण

उत्तर : सर्व पत्रांत आपले पत्र मला सर्वांत जवळचे वाटले, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

गाण्यांच्या संख्येपासून सुरुवात करू. बावीस गाणी टाकू नका. ‘इलमॅटिक’मध्ये नऊ आहेत आणि त्यांतील एकही ओलांडून पुढे जावेसे वाटत नाही, त्याच्या टिकण्यात या आटोपशीरपणाचा वाटा मोठा आहे. आपल्या बाविसांतून ती आठ-नऊ निवडा जी दुसरा कोणीही लिहू शकला नसता. ऐकण्याच्या ॲपवर जितकी गाणी अधिक तितके पैसे अधिक, असे मित्र सांगतील. परंतु पहिल्या अल्बमने पैसे मिळण्याची शक्यता तशीही थोडी असते आणि नाव मात्र त्यानेच होते किंवा बिघडते.

नामवंताविषयी: नाझच्या पहिल्या अल्बममध्ये पूर्ण कडवे म्हणणारा पाहुणा एकच आहे, एझी. तो तेव्हा अनोळखी होता. गाण्याला त्याची गरज होती म्हणून तो तेथे आहे. आपल्या गाण्याला ज्याचा आवाज हवा आहे त्याला घ्या, मग तो आपल्या वाडीतील भजनाचा बुवा असला तरी चालेल.

भाषेविषयी माझे मत ठाम आहे. मुंबईच्या अंधेरीत वाढलेल्या डिव्हाइनने आपल्या गल्लीच्या हिंदीत रॅप केले, आणि त्याचा पहिला अल्बम ‘कोहिनूर’ २०१९मध्ये आला तेव्हा त्यामागे मास अपील या कंपनीची भारतीय शाखा होती. या कंपनीशी नाझ स्वतः जोडलेला आहे. डिव्हाइनची ती भाषा त्याच्या तोंडची होती म्हणून ती पोहोचली. आपल्या तोंडची भाषा मालवणी आहे. हिंदीत आपण दुसऱ्या क्रमांकाचे अंधेरीकर व्हाल. क्वीन्सब्रिजची बोली क्वीन्सब्रिजबाहेर कळणार नाही म्हणून नाझने ती सोपी केली असती, तर आज दापोलीच्या ग्रंथपालांनी तो अल्बम ऐकला नसता.

लोक हसतात, ही अडचण खरी आणि कठीण आहे. मालवणी बोली रंगभूमीवर मोठ्या दिमाखाने आली, पण ती मुख्यतः विनोदाच्या वाटेने आली, आणि मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकाला ती ऐकली की हसायचे असते अशी सवय लागली. त्यात बोलीचा दोष काही नाही. दशावतारात रात्रभर याच मुलखातील नट लेखी संहितेशिवाय राजाचा क्रोध आणि राणीचा विलाप उभा करतात आणि तेथे कोणी हसत नाही. श्रोत्यांची सवय मोडायची तर अल्बमचे पहिले गाणे विनोदी असता कामा नये. आपण मासेमारी करणाऱ्या घरातले आहात: जून-जुलैची बंदी घरात कशी जाते, रापणीला (किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याला) आता किती हात उरले, पर्ससीनच्या (मोठ्या यांत्रिक जाळ्यांच्या) नौका किनाऱ्याजवळ आल्यावर पारंपरिक मच्छीमारांच्या घरांत काय बोलले जाते, खलाशी म्हणून परप्रांतातून आलेली मुले रात्री होडीवर काय बोलतात, आणि लिलावात भाव कोण ठरवतो, हे आपल्याला माहीत आहे आणि इतरांना नाही. ते असे लिहा की आपल्या शेजाऱ्याने ऐकून ‘खराच असा’ म्हणावे. आई, बहीण आणि मासे विकणाऱ्या बायका यांना गाण्यात बोलू द्या. या बाबतीत आपण ‘इलमॅटिक’च्या पुढे जाऊ शकता.

स्वागताविषयी एवढेच की, पहिल्या आठवड्याचे आकडे पाहू नका म्हटले तरी आपण ते पाहाल. पाहा, पण त्यावरून दुसऱ्या अल्बमची भाषा ठरवू नका. परीक्षण कोणी आपणहून लिहील याची वाट न पाहता अल्बम चार-पाच जाणत्या माणसांकडे स्वतः पाठवा: एक रॅप जाणणारा, एक मालवणी लिहिणारा, एक भजनी बुवा, एक मासळी बाजारातील बाई आणि एक असा माणूस ज्याला यांतले काहीच आवडत नाही. त्यांनी काय म्हटले ते लिहून ठेवा.

आणि गाण्यांचे शब्द छापा. जिल्ह्याबाहेरच्या श्रोत्याला अडतील असे शब्द, जाळ्यांची, वाऱ्यांची आणि माशांची नावे यांचे अर्थ त्याच पानावर खाली द्या. दोन्ही मिळून आठ पानांची पुस्तिका पुरेल, आणि ती गाण्यांबरोबर मोबाइलवरही देता येईल. अल्बम तयार झाला की पुस्तिकेसह या सदराकडे पाठवा, म्हणजे त्याचे परीक्षण येथे करता येईल, आणि ते मी आपल्या वयाकडे किंवा गावाकडे न पाहता गाण्यांकडे पाहून करीन.